बाई थांबल्या तर

पोटरी दुखायला लागली तेव्हा मी ते दुखणं सरळ वयाच्या खात्यावर टाकलं. साठी उलटल्यावर काहीतरी दुखायला लागतंच. आमच्या इमारतीत संध्याकाळी खाली बाकावर बसणाऱ्या बायकांत कुणाचे गुडघे होते, कुणाची कंबर होती, कुणाची मान होती. माझ्या वाट्याला उजवी पोटरी आली. घरातून निघाले की पिठाच्या गिरणीपर्यंत सगळं ठीक असायचं. गिरणी ओलांडली की पोटरीत गोळा यायला सुरुवात व्हायची, मग ओला टॉवेल पिळावा तसा आतून पीळ बसायचा, आणि औषधांच्या दुकानापर्यंत पोचता पोचता पुढचं पाऊल टाकवत नसे. उभी राहिले की दोन-तीन मिनिटांत दुखणं जायचं. इतकं साफ जायचं की आपण उगाच सोंग करत होतो की काय, असं माझं मलाच वाटायचं. पुन्हा चालायला लागले की पुन्हा तेच.

भर रस्त्यात नुसतं उभं राहायची लाज वाटते. त्यामुळे मी काहीतरी बघत उभी राहायचे. औषधांच्या दुकानात टांगलेले कमरेचे पट्टे बघायचे, पुढे साड्या बघायचे, त्याच्याही पुढे नळ आणि तोट्यांचं दुकान होतं, तिथे तोट्या बघायचे. त्या दुकानदाराला वाटलं असणार, म्हातारीला न्हाणीघर नवं करायचंय. एकदा तो बाहेर येऊन मला तोट्यांच्या रंगीत चित्रांचं पुस्तकच देऊन गेला. मी ते घरी आणलं, आणि टाकून देववेना म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलंसुद्धा.

समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनींनी सायटिका ठरवून टाकला होता. त्यांच्या भावजयीला अगदी असंच होत होतं म्हणे. मग तिळाच्या तेलाने चोळून झालं, निर्गुडीचा पाला बांधून झाला, रबरी पिशवीत कढत पाणी भरून शेकून झालं. मुलाने ऑनलाइन पट्टा मागवला. दुखत होती पोटरी आणि आला गुडघ्याचा पट्टा, पण तोही मी दोन महिने इमानेइतबारे घातला. माणूस एकदा थकला की त्याला कुणीही काहीही करायला लावू शकतं.

शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना ते कळलं. त्यांचा दवाखाना पारनाक्याजवळ आहे, आणि माझ्या मुलाला त्यांनी पाळण्यात असल्यापासून पाहिलंय. मी गेले होते साखरेच्या गोळ्या लिहून घ्यायला. उठता उठता पायाचं बोलले, तर त्यांनी चप्पल काढायला सांगितली आणि पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवून बसले. पाकिटात हरवलेली किल्ली चाचपावी तशी बोटं इकडेतिकडे फिरवत राहिले. मग म्हणाले, "बाई, इथे नाडी लागत नाहीये." मला वाटलं, यांचं वय झालं. त्यांनी ठाण्याच्या एका डॉक्टरांचं नाव लिहून दिलं आणि तेलपाणी, शेक सगळं आजच्या आज बंद करा म्हणाले.

ठाण्याला मुलगा गाडीने घेऊन गेला. तो माजिवड्याला राहतो, त्यामुळे ते इस्पितळ त्याच्या घरापासून जवळ पडतं. तिथला डॉक्टर अगदीच तरुण. त्याने ब्लडप्रेशरचा पट्टा आधी दंडाला बांधला, मग घोट्याला. घोट्याचं ब्लडप्रेशर मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. पेन्सिलीएवढं एक यंत्र कातडीवर टेकवलं की आतल्या रक्ताचा आवाज बाहेर ऐकू यायचा. दंडावर तो चांगला दणदणीत होता. उजव्या घोट्यावर कुणीतरी लांब बसून फुंकर मारतंय इतकाच.

"आजी, पायाकडे जाणारी मोठी नळी आतून अरुंद झालीये," तो म्हणाला. "बऱ्याच वर्षांची शुगर आहे, कोलेस्टेरॉल आहे. बसल्यावर रक्त पुरतं, चालताना पायाला जास्त लागतं, ते पोचत नाही. म्हणून दुखतं."

"मग फुगा घालून मोकळी करून टाका ना," मुलगा म्हणाला. त्याला सगळं एका दिवसात उरकायला आवडतं.

"करता येतं. पण यांच्या किडनीचे रिपोर्ट जरा काठावर आहेत आणि त्यासाठी रक्तात डाय सोडावी लागते, ती किडनीला जड जाते. जखम नाहीये, रात्री पाय दुखत नाही, म्हणजे आपल्याकडे वेळ आहे. गोळ्या देतो, आणि आजी, तुम्ही चालायचं."

"चालते की," मी म्हणाले. "दुखलं की थांबते."

"तसं नाही. चांगलं सडकून दुखेपर्यंत चालायचं. मग थांबायचं. दुखणं पूर्ण उतरलं की पुन्हा चालायचं. घरी परत फिरायचं नाही, रिक्षा करायची नाही. पाऊण तास, जवळजवळ रोज, काही महिने."

दुखतं म्हणून आले होते आणि हा बाबा म्हणत होता, दुखेपर्यंत चाला. माझा चेहरा बघून तो हसला. "कल्याणला राहता ना? पत्रीपुलावर अडकलं की रिक्षावाले कुठल्या कुठल्या गल्ल्यांतून बाहेर काढतात, बघितलंय ना? शरीरही तसंच करतं, बारीक रस्ते वापरायला शिकतं. पण त्याला आधी अडकावं लागतं." हे मला पटलं. शिकवायची हातोटी होती त्याच्याकडे.

आणखीही सूचना होत्या. पावलं रोज नीट बघायची, अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा नाही. "स्वयंपाकघरात?" मी विचारलं. "स्वयंपाकघरातसुद्धा." जन्मभर मी आल्यागेल्याला दाराबाहेर चपला काढायला लावल्या, आणि आता मी स्वतः देवासमोर कापडी चपला घालून उभी राहते. देवाने अजून काही म्हटलेलं नाही.

निघताना डॉक्टर मुलाशी इंग्रजीत बोलला. दुर्लक्ष केलं तर पुढे जखमा भरत नाहीत, बोट काढावं लागतं, कधी पाय. मी तीस-बत्तीस वर्षं नगरपालिकेच्या शाळेत शिकवलं, पाचवीला इंग्रजीही माझ्याकडेच होतं. पण मला कळलं नाही असं दोघांना वाटत होतं, तर मीही वाटू दिलं.

गाडीत बसल्यावर मुलगा म्हणाला, "आई, आता बास. आमच्याकडे चल. लिफ्ट आहे, खाली गार्डन आहे, सगळं आहे."

खरंच सगळं आहे तिथे. मी तिथे चार दिवस राहते आणि पाचव्या दिवशी बॅग भरते. सून चांगली आहे, हातात कप आणून देते. पण तिथे डबे कुठे आहेत ते मला विचारावं लागतं. खिडकीतून हायवे दिसतो आणि ओळखीचं माणूस एकही दिसत नाही. कल्याणचं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, भिंतीला ओल येते. पण ते आम्ही दोघांनी मिळून घेतलं होतं, माझे यजमान गेले ते याच घरातून, आणि तिथे मी अंधारातही हात घालून मिठाचा डबा काढू शकते. मला तिथेच राहायचं होतं. याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं.

"पायच चालला नाही तर तीन मजले कशी चढणार?" मुलाने विचारलं. शेवटी असं ठरलं की सहा महिने मी चालून बघायचं. सुधारलं तर इथेच राहायचं. नाही सुधारलं तर घर भाड्याने देऊन माजिवड्याला जायचं, मग कुरकूर करायची नाही. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून मी बाहेर पडले. काळ्या तलावापर्यंत जायचं, तलावाला एक फेरी मारायची आणि परत यायचं असं मनात होतं. गिरणी गेली, गोळा आला, औषधांचं दुकान आलं, मी दात आवळून आणखी थोडी पुढे गेले आणि थांबले. डॉक्टरने सांगितलेलं अगदी बरहुकूम.

"बाई! ओ बाई! काय झालं?"

इथे मला सांगायला हवं की नगरपालिकेच्या मराठी शाळेतली मुलं शिकून अमेरिकेला जात नाहीत. ती इथेच असतात. औषधांचं दुकान चालवणारा माझा विद्यार्थी, भाजीच्या गाड्यावरची बाई माझी विद्यार्थिनी, मोबाइल दुरुस्त करणारे दोघे भाऊ माझेच. चौकातल्या रिक्षा स्टँडवरचे निम्मे माझ्या हातून गेलेले. सगळ्यांची लग्नं झाली, पोटं सुटली, केस गेले, पण बाई रस्त्यात उभ्या दिसल्या की ते धावत येतात. आणि आमच्याकडे वयस्कर माणूस रस्त्यात थांबलेलं दिसलं की त्याला बसवायचं, पाणी द्यायचं आणि घरी पोचवायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

हाक मारणारा रिक्षावाला होता. पंचेचाळिशीचा गडी, कपाळाला अष्टगंध. त्याने रिक्षा माझ्यासमोर आडवी घातली.

"काही नाही रे, चालायला निघालेय."

"चालायचं वय हाय का बाई तुमचं? बसा."

"अरे, मला चालायचंच आहे."

"बसा हो. आम्ही कशाला आहोत मग?"

मागे बस हॉर्न वाजवत होती, लोक बघत होते, पोटरी ठणकत होती. मी बसले. पाच मिनिटांत घरी. पैसे द्यायला गेले तर त्याने दोन्ही कानांना हात लावले.

हे रोज व्हायला लागलं. रिक्षावाला चुकवला तर औषधवाला स्टूल बाहेर आणायचा. स्टूल चुकवलं तर भाजीवाली हात धरून सावलीत न्यायची आणि शहाळं फोडायला लावायची. एकदा बँकेत जाणाऱ्या एका मुलीने स्कूटर थांबवून मला मागे बसवलं आणि नको म्हणायच्या आत इमारतीच्या दारात उतरवलं. मी त्यांना समजावून का सांगितलं नाही? एक तर माझ्या पायाची चर्चा चौकात नको होती. बाईंचं काहीतरी बिघडलंय, हे त्यांनी एकमेकांना सांगत सुटावं हे मला सोसणारं नव्हतं. दुसरं म्हणजे, मी दमले होते. पाय ठणकत असताना कुणी बसा म्हणालं तर बसावंसं वाटतं. त्या रिक्षात बसल्यावर वारा लागायचा आणि मला बरं वाटायचं.

मग औषधवाल्याने मुलाला फोन केला. माझ्या गोळ्या तोच द्यायचा, त्यामुळे नंबर होता त्याच्याकडे. "बाई रोज रस्त्यात थांबतात, त्यांना चालवत नाही, तुम्ही बघा काहीतरी," असं मनापासून काळजीने सांगितलं त्याने. मुलगा त्याच संध्याकाळी आला. मोबाइलवर त्याने मला खोलीचे फोटो दाखवले. नवीन पलंग, बाथरूममध्ये धरायला दांड्या, खिडकीला पडदे. पडद्यांचा रंग मला विचारला. मी म्हणाले, कुठलाही चालेल.

"आई, मी तुला शिक्षा देतोय असं तोंड करू नकोस ना."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तेच तर. तू काही म्हणतच नाहीस."

तीन महिन्यांनी ठाण्याला पुन्हा घोट्याला पट्टा बांधला. डॉक्टरने आकडे बघितले, मला बाहेरच्या लांब बोळात चालवून बघितलं आणि परत खुर्चीत बसवलं. काही फरक नव्हता. "रोज चालता ना?" त्याने विचारलं. मी म्हणाले, रोज निघते. मुलगा म्हणाला, "निघते पायी आणि येते रिक्षाने." डॉक्टर हसला नाही. "आजी, रिक्षात बसून पाय शिकत नाही. असंच चाललं तर मला फुग्याचा विचार करावा लागेल. किडनीला जपून करू, पण मला शक्यतो टाळायचंय." परत येताना खोपटजवळ गाड्या तुंबल्या होत्या, आणि मुलगा स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला होता. मला स्वतःचा भयंकर राग आला. रस्ता माझा, पाय माझा, घर माझं, आणि केवळ भिडेपायी मी तिन्ही घालवायला बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी तडक रिक्षा स्टँडवर गेले. तिथवर पोचेपर्यंत पोटरी भरून आली होती, त्यामुळे आवाज आपोआप वर्गातला लागला.

"बसा बाई," तो अष्टगंधवाला म्हणाला आणि सीटवर फडकं मारलं.

"बसणार नाही. तू खाली उतर."

तो उतरला. शर्ट खाली ओढून सरळ उभा राहिला.

"माझ्या पायातली रक्ताची नळी बुजत चाललीये. डॉक्टरांनी सांगितलंय, दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं. तेच माझं औषध. आणि तू रोज मला त्या औषधावरून उचलून घरी नेऊन टाकतोस."

"आपल्याला काय म्हाईत बाई..."

"आता कळलं ना? मग सांग, बाई रस्त्यात थांबल्या तर काय करायचं?"

"विचारायचं, पाणी पायजे का..."

"चूक."

मागचे दोघे रिक्षावाले हसले. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते हसायचे थांबले. एवढं अजून जमतं मला.

"बाई थांबल्या तर काय करायचं?"

"काय नाय करायचं."

"जवळ यायचं?"

"नाय."

"रिक्षा?"

"नाय आणायची."

"घरी फोन?"

"तो आपण नव्हता केला बाई, तो मेडिकलवाल्याने."

"त्यालाही सांग."

त्याने मान हलवली, मग जरा घुटमळून विचारलं, "आणि पडल्या तर?"

"पडले तर उचला."

त्या दिवशी मी तलावापर्यंत जाऊन परत आले. वाटेत किती वेळा थांबले ते मोजलं नाही. घरी आल्यावर पलंगावर आडवी झाले ती दुपारी जेवायलाच उठले.

रिक्षावाल्याने निरोप सगळीकडे पोचवला, पण आपल्या पदरची भर घालून. मी थांबले की जवळ यायचं नाही इतकंच मी सांगितलं होतं. त्याने सांगितलं, बाईंकडे बघायचंसुद्धा नाही. त्यामुळे झालं असं की मी थांबले की अख्खा रस्ता तोंड फिरवायचा. औषधवाला आत जाऊन खोकी लावायचा. भाजीवाली मेथीच्या त्याच त्या जुड्या उलट्यासुलट्या करत बसायची. मोबाइलवाले दोघे भाऊ एकाच फोनमध्ये डोकं घालायचे. रिक्षावाला माझ्याकडे पाठ करून स्वच्छ काच पुसत राहायचा, आणि आरशातून मी पडले नाही ना ते बघायचा. मला दिसायचं ते.

पहिल्या आठवड्यात मला हसू आलं. नंतर नाही आलं. दुखणं ऐन भरात असताना, पाऊल उचलत नसताना, आजूबाजूला दहा ओळखीची माणसं असावीत आणि एकानेही आपल्याकडे बघू नये, हे मीच मागून घेतलं होतं. तरी ते अवघड जायचं. कुणीतरी हुकूम मोडून विचारावं, "बाई, फार दुखतंय का?" असं वाटायचं. कुणी मोडला नाही. शिस्तीच्या बाबतीत मी त्यांना जरा जास्तच चांगलं शिकवलं होतं.

चालणं कंटाळवाणं होतं. त्यात काहीही उदात्त नव्हतं. पावसाळ्यात मी इमारतीच्या पार्किंगमध्ये गाड्यांमधून फेऱ्या मारल्या, गणपतीत मांडव आडवे आले म्हणून मागच्या गल्लीने गेले. सकाळी उठल्यावर पहिला विचार यायचा तो, आज नको. मग चहा, गोळ्या, पावलं उलटीसुलटी करून बघणं, मोजे, बूट. साखरेमुळे वहिनींनी दिलेला लाडू परत करणं, आणि त्यांचं रुसणं. बरं होणं हे एक कामच आहे, आणि त्याला रविवारची सुट्टी नसते.

पुढे एका सकाळी मी साड्यांच्या दुकानासमोर पोचले आणि लक्षात आलं की औषधांचं दुकान मागे गेलं. थांबलेच नव्हते. मी वळून खात्री करून घेतली. गोळा होता, पण मऊ होता, त्याला घेऊन चालता येत होतं. दिवाळीच्या आसपास तोट्यांचं दुकानही न थांबता गेलं. पाय पूर्वीसारखा झाला असं नाही. तो तसा होणार नाही, हे डॉक्टरनेही सांगितलं. पुढच्या तपासणीला घोट्याचा आकडा फारसा हलला नव्हता, पण बोळात मी आधीपेक्षा कितीतरी लांब चालले. "आकड्याचं सोडा, तुम्ही चालताय," तो म्हणाला. फुग्याचं नाव त्याने काढलं नाही.

सहा महिने भरले त्या रविवारी मुलगा आला. त्याने एका भाडेकरूशी बोलूनही ठेवलं होतं. मी म्हणाले, आधी माझ्याबरोबर तलावापर्यंत चल.

आम्ही निघालो. चौकाच्या जरा पुढे गेल्यावर मला थांबावं लागलं. मुलाने लगेच दंड धरला. "बस ना कुठेतरी." मी नको म्हणाले. त्याने इकडेतिकडे पाहिलं. रस्ता तोंड फिरवून उभा होता. रिक्षावाला काच पुसत होता.

"काय माणसं आहेत इथली!" मुलगा भडकला. "म्हातारं माणूस उभं आहे आणि एकजण बघत नाही."

"माझीच आहेत ती," मी म्हणाले. "तूही जरा तिकडे बघ."

त्याला हे काही झेपलं नाही. तो माझ्या पायाकडेच बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे दुखत होतं ते माझ्या पोटरीहून जास्त होतं. मग दुखणं उतरलं आणि मी चालायला लागले. तलावाला पूर्ण फेरी मारली. परत आलो, तीन मजले चढलो. मी प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून उभी राहिले, तो मागे एक पायरी सोडून दोन्ही हात पुढे करून येत होता, पण त्याने मला हात लावला नाही.

घरात आल्यावर तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "ठीक आहे आई. मानलं तुला. राहा तू इथेच."

मी चहा ठेवला. गॅलरीत जाऊन त्याने सुनेला फोन लावला. आमचं घर काही मोठं नाही, सगळं ऐकू येतं. "अगं, आई नाही येत. हो, खरंच चालते चांगली. नाही, आपण जबरदस्ती नको करू या... हो, मग ती खोली त्याला देऊ या ना, दहावी आहे, त्यालाही शांतता मिळेल." त्याचा आवाज हलका झाला होता. कितीतरी दिवसांनी मी त्याला असा मोकळा बोलताना ऐकलं. त्याचं काही चुकत नव्हतं. नातवाला खोली हवीच होती, आणि माझ्यामागे धावून तोही थकला होता. मला ते सगळं समजत होतं, आणि तरी दुधाचं पातेलं हातात धरून मी ओट्याशी तशीच उभी राहिले.

चहा झाला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. भाडेकरूला नाही म्हणून कळवतो म्हणाला. निघताना वाकून नमस्कार केला, माझ्या कापडी चपलांकडे बघून हसला आणि म्हणाला, "येतो आई."

त्याने आणखी एकदा, फक्त एकदाच, "चल ना" म्हणायला हवं होतं. मी नाहीच म्हणाले असते. पण म्हणायला हवं होतं. तो जिना उतरत गेला, मी दारात उभी राहून पावलांचा आवाज ऐकला. खाली सोडायला गेले नाही. पाय आला असता, मीच गेले नाही.